अकरा दिवसांचा तृणमणी

साबण उकळायचा नाही, हे पहिलं.
उकळला की रुसतो, गढुळतो,
मग आतलं काही दिसत नाही,
आणि आतलं दिसलं नाही
तर पाच वर्षांचं पोर हात कशाला धुवेल?

पालांगाच्या समुद्राकाठी चाळीस वर्षं
मी तृणमणी घासले.
गिऱ्हाइकं लांबून यायची,
खडा डोळ्याशी धरून विचारायची,
"आत काही आहे?"
डास असला तर दाम तिप्पट.
मुंगी असली तर बोलूच नका.
नुसता मधाच्या रंगाचा, निर्मळ, रिकामा खडा
उन्हाळा संपेपर्यंत काचेखाली पडून राहायचा.

म्हणून बालवाडीच्या दाइवाबाई जेव्हा म्हणाल्या,
"व्हितेनिस, पोरं हात धूत नाहीत हो,
ओले करतात आणि बाहीला पुसतात,"
तेव्हा मला उपाय जागच्या जागी सुचला.
हुशारी नव्हे ती. खोड.

ग्लिसरीनची लादी सुरीनं चिरली,
पातेल्यात पातेलं ठेवून मंद आचेवर विरघळवली.
रंगाला कांद्याच्या सालींचा काढा,
ईस्टरच्या अंड्यांना देतो तोच.
वासाला कॅमोमाइल, दोन थेंब. तिसरा चुकून.
साचे म्हणून दह्याचे डबे,
आणि वाळूत सापडलेले मासा, शिंपला,
एका कानाचा ससा.
अर्धा साचा भरायचा, वर स्पिरिटचा फवारा मारायचा,
बुडबुडे मास्तर वर्गात आल्यासारखे गप्प होतात.
मग थांबायचं.
दुधावर साय धरते तितकं धरलं
की आत ठेवायचं जे ठेवायचं ते,
आणि उरलेला अर्धा वरून ओतायचा.

ठेवायला माझ्याकडे
एक चाक होतं, एक शिट्टी, एक प्लास्टिकचा बेडूक.
पोरं एकोणीस.

ब्रोन्येचा बटणांचा डबा
चार हिवाळे मी उघडला नव्हता.
कपाट पुसताना हलायचा, वाजायचा,
तेवढ्यावर भागत होतं.
त्यात तिच्या कोटाची तपकिरी, मोठाली,
लग्नातल्या झग्याचं काचेचं एक,
आणि माझ्या सदऱ्यांची,
जी ती "लावते, लावते" म्हणत राहिली.

तृणमण्यानं डास धरून ठेवला
चार कोटी वर्षं.
कायुसनं बटण सोडवलं अकरा दिवसांत.
दाइवाबाई सांगत होत्या, पोरं जेवणाआधी धुतात,
जेवणानंतर धुतात, मधेच उठून धुतात,
नळाशी रांग लागते,
बोटं सुरकुतून माझ्यासारखी झालीत.
रविवारी बाजारात उग्नेचा धाकटा भाऊ दिसला.
त्याच्या कोटाला ब्रोन्येचं बटण,
लाल दोऱ्यानं, जरा तिरकं.
मी हेरिंग घ्यायला गेलो होतो,
बटाटेच घेऊन परत आलो.

योरेच्या साबणात मात्र काहीच नव्हतं.
मोजणीत मी चुकलो होतो.
बाकीच्यांची झाल्यावर आठ दिवसांनी
ती आईबरोबर दाराशी आली,
दोन्ही तळवे पुढे करून, गुलाबी.
"मी शेवटपर्यंत बघितलं," म्हणाली,
"आत काही नव्हतं."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.
डबा काढला, तिच्यापुढे ठेवला,
म्हटलं, हवं ते घे, दोन घे.
तिनं कानाशी धरून तो हलवला.
पुन्हा हलवला.
झाकण न उघडताच परत दिला.

"तसलाच कर," म्हणाली.
"बटणवाले लवकर संपतात.
सापडलं की कुणी धूत नाही.
माझा सगळ्यांत जास्त टिकला."

तिची आई ओशाळून हसली.
मी लादी काढली, सुरी काढली.
योरेनं स्टूल ओढलं, वर चढली,
आणि पातेल्यावर वाकून मला बजावलं:
उकळू द्यायचा नाही हं.