एक तिकीट, दोघी

मनोऱ्याचं तिकीट एकच काढायचं
हे वूच सोडतानाच ठरलं होतं.
एका शहरात मी चढणार, पुढच्या शहरात यादविगा.
खाली राहील तिनं पिशव्या राखायच्या
आणि रात्री बसमध्ये
वरचीनं खालचीला शहर सांगायचं.

हिशेबाची वही तिच्याकडे.
गिरणीत हजेरी मांडायची तसंच अक्षर,
उजवीकडे कललेलं, आकडे मात्र ताठ.
पाव.
चीज, उद्या तारीख उलटणारं, निम्म्या भावात.
शौचालय, अर्धा युरो, आणि पुढे संतापून
दोन उद्गारचिन्हं.

क्राकूवला मी चढले.
रात्री म्हटलं, छपरं होती. खूप छपरं.
कबुतरं. वारा.
"आणखी?"
आणखी काही आठवेना.
"एवढ्या पैशांत एवढंच?" म्हणाली
आणि खिडकीकडे तोंड करून झोपली.

ओलोमोउत्सला तिची पाळी.
मी कारंज्याच्या कठड्यावर बसले,
दगडी घोड्यांच्या तोंडातलं पाणी बघत.
अर्ध्या तासात परत आली, धाप नाही, घाम नाही.
आणि बस सुटल्यावर काय काय सांगितलं तिनं!
मागच्या अंगणात दोरीवर सात ब्लँकेटं, लाल,
आपण तिसऱ्या खात्यात विणायचो तसली,
काठाला काळी पट्टी.
बनियनमधला एक म्हातारा
स्वतःशीच बुद्धिबळ खेळतोय आणि हरतोय.
सायकलवरून एक जोगीण, खांद्यावर शिडी.
मी डोळे मिटून ऐकत होते.
शिडी कशाला असेल, या विचारातच
झोप लागली.

त्या संध्याकाळी गरम सूप मिळालं होतं,
पाच दिवसांत पहिल्यांदा.
खानावळीची बाई भली, पैसे घेतले नाहीत म्हणे.

उल्मला मी. पायऱ्या मोजायच्या सोडून दिल्या.
वरून नदी दिसली.
रात्री म्हटलं, नदी.
ती काही बोलली नाही,
फक्त माझे पाय मांडीवर घेऊन चेपत राहिली.

स्ट्रासबुर्गला पुन्हा ती:
करकोच्यांचं भांडण, घरट्यातल्या जागेवरून,
थेट आपल्या चाळीतल्या जिन्यावरच्यासारखं.
आणि ब्लँकेटं?
"होती ना. इथे पाचच."
पुन्हा सूप. पुन्हा एक भली बाई.

पहाटे बसचा नंबर हवा होता म्हणून
तिची वही उघडली.
ओलोमोउत्स: मनोरा. त्यावर काट.
खाली: सूप, दोन वाट्या.
स्ट्रासबुर्ग: मनोरा. काट.
सूप, दोन. (एकीत मांस.)
मांस माझ्या वाटीत होतं.

समोरच्या सीटखाली तिचे गुडघे,
एकतीस वर्षं मागापुढे उभे राहिलेले,
झोपेतही अवघडून, वाकायला तयार नसलेले.
मी वही मिटली, होती तशीच पिशवीत ठेवली.
बस कुठल्या तरी सीमेवरून गेली असावी,
फोनवर स्वागताचा मेसेज आला.

गेंटला पाळी माझी.
या वेळी वर पोचल्यावर आधी खाली वाकून पाहिलं.
बाकावर यादविगा, अंगठ्याएवढी,
बूट काढून पाय माझ्या पिशवीवर,
आणि पावाचे तुकडे एका अनोळखी कुत्र्याला,
वहीत न मांडता.

मग मागची अंगणं शोधत बसले.
एकात तीनचाकी सायकल उलटी पडलेली.
एकात बाई चटई झोडत होती, चिडून,
नवऱ्यावरचा राग असावा.
एकात नुसती दोरी.
त्या दोरीवर मी बराच वेळ थांबले,
मागच्या जर्मन मुलांनी दोनदा
"जरा सरकता का" म्हणेपर्यंत.

खाली आले. "काय दिसलं?"
म्हटलं, ब्लँकेटं. लाल. सात.
तिनं माझ्याकडे पाहिलं, जरा जास्तच वेळ.
"अजून वाळली नाहीत?" म्हणाली,
आणि पेन्सिल जिभेला लावून
तिकिटाचे किती पडले ते विचारलं.