हात सैल सोड

सेलूच्या बाजारात, चतुरामावशीच्या पालात
मी तीन शनिवार नुसती काकणं मोजली.
बायका यायच्या, पोत्यावर बसायच्या,
हात पुढं करायच्या आन बोलायच्या.
चारठाण्याची एक म्हणाली, नणंद परत आलीय माहेरी.
मावशी म्हणाली, "हं."
शेळी विकली, मला सांगितलंसुद्धा नाही कुणी.
"हं."
अंगठ्याचा उंचवटा चेपत, वर न बघता.

चौथ्या शनिवारी मला बसवलं.
पहिलीच बाई. मनगट बारीक, मूठ आवळलेली.
म्हणाली, दोन महिने झाले, मालक बोलंना गेलेत.
मी लगेच, अवो, माझ्या भावजयीचं बी तसंच,
तुम्ही असं करा, तुम्ही तसं—

दोन काकणं वाढली.
(फुटली म्हणायचं नसतं, तेवढं शिकले होते.)
तिसऱ्याची काच तिच्या कातड्यात.

मावशीनं पदरानं रक्त टिपलं,
तिचा हात आपल्या मांडीवर घेतला.
"दोन महिने म्हणलीस?"
एवढंच.
बाई बोलायली. मधीच थांबली.
बराच वेळ काही बोलली नाही,
तेबी मावशीनं ऐकलं.
पलीकडं मिरचीवाला ओरडत होता.
हिरवी बारा काकणं कधी चढली
तिचं तिलाच कळलं नाही.

सांजच्याला पाल सोडताना विचारलं,
मावशी, माझं चुकलं कुठं? हाड कसं धरायचं?
आधी तेल लावायचं, का कोमट पाणी, का—
मावशी दोरी गुंडाळत होती.
"हं," म्हणाली.

मी गप झाले.
बघते तर,
मूठ माझीच आवळलेली.