साबण

सांगतो, घासला तो मीच.
तीन वर्षं डुलुथच्या बंदरालगतच्या हॉटेलात
भांड्यांवर होतो. करपलेली पातेली
आरशासारखी करून द्यायची, त्याचाच पगार.
त्यामुळे क्रिस्टीच्या आईकडे पहिल्यांदा जेवून उठलो
आणि ओट्यावर तो काळा थाळा दिसला,
कडांना तेलाची राळ, मधोमध डांबरी चमक,
तेव्हा वाटलं, बिचारीच्या हातात आता जोर नाही.

सगळे झोपल्यावर
गरम पाणी, लिंबाच्या वासाचा साबण, तारेची घासणी.
दीड तास.
बाहेर सरोवरावर बर्फ कडकडत होता
आणि माझ्या हाताखाली आधी बोटाएवढा, मग तळव्याएवढा
मातीचा फिकट रंग उघडा पडत गेला,
खपली निघाल्यावर खालची कातडी असते तसा.
मी खूश होतो.

सकाळी आयला खाली आली.
थाळ्यावर पालथा हात ठेवला,
ताप बघतात तसा.
"बावीस वर्षं," म्हणाली.
मग कॉफी केली. पहिला कप मला.

बाकीचं क्रिस्टीने गाडीत सांगितलं:
अरे, स्टोनवेअर तो. झिलई नसलेली माती.
पिते ती. लोणी द्या, लोणी पिते.
तू साबण पाजलास.

पुढचे तीन रविवार
त्या घरच्या वेलचीच्या पावाला लिंबाचा वास होता.
सगळ्यांनी खाल्ला. एइनोमामाने तर परत मागून घेतला,
म्हणाला, तोंड धुवायचं वाचलं.

चौथ्या रविवारी तिने मला एकट्याला बोलावलं.
जुन्या अभ्र्याचं फडकं दिलं, आणि वाटीच्या तळाला
जेमतेम तेल.
"पुसायचं. ओतायचं नाही."
लावलंच नाही असं वाटावं इतका पातळ हात,
मग गार ओव्हनमध्ये ठेवायचा. ओव्हनबरोबर तापू दे,
ओव्हनबरोबरच निवू दे. घाई केलीस तर तडकेल.
दार उघडून डोकावायचं नाही.
तेल जास्त झालं तर माश्या पकडायच्या कागदासारखा चिकट होतो;
तेही मी करून पाहिलं,
आणि त्या दिवशीचे पाव सुरीने उचकटले.
"आणि धुवायचा कसा?"
"गरम पाणी. लाकडी उलथनं. त्यानंतर
तुझे हात खिशात."

हे शेवटचं मला जमेना.
ओट्यापाशी उभा राहायचो, थाळ्यावर एक तेलकट ओघळ,
आणि बोटं खिशात आपोआप गोल गोल फिरायची.

बटाटे भाजले. डुकराच्या मांसाची सॉसेजेस, चरबी ठिबकणारी.
एका कोपऱ्यात चहाचा डाग पडावा तसं काहीतरी आलं.
आयलाने चष्मा लावून पाहिलं, हुंकार भरला.
माझ्या कामाचं एवढं कौतुक
हॉटेलात कधी झालं नव्हतं.

मार्चमध्ये क्रिस्टी मिनियापोलिसला गेली
आणि परतली दुसऱ्या कुणाच्या गाडीतून.
मला फोनवर सांगितलं. नीट सांगितलं, आवाज न चढवता.
रविवारी जायचं नाही, असं मी ठरवलं.

साडेदहाला फोन. आयला.
"येताना तेल आण. माझ्याकडचं संपलंय."
संपलं नव्हतं. फडताळात अख्खी बाटली होती,
बूट काढतानाच मला दिसली.
मी माझी तिच्याशेजारी ठेवली.

क्रिस्टीचं नाव आम्ही दोघांनीही काढलं नाही.
पाव अजून चिकटतो, डाव्या कडेला,
तिथंच मी सगळ्यात जोर लावला होता.
आयला उलथनं सरकवते, तुकडा तुटतो,
तुटका माझ्या बशीत.

"अजून बावीस वर्षं," मी म्हणालो.
ती एक्याऐंशीची आहे.
फडकं घडी घालत म्हणाली,
"एकवीस वर्षं, दहा महिने."