पोचलास की कळव

ग्रिम्झबीत, गोदीकडे उतरणाऱ्या रस्त्यावर
गालिचांचं एक दुकान होतं, बुडालं.
आता तिथं संध्याकाळी सहा ते अकरा आम्ही बसतो.
काचेवरचं ‘सगळं अर्ध्या किमतीत’
खरवडूनही पुरतं निघालेलं नाही.
राहू दे, म्हणते ग्लेनिस,
येणाऱ्यांना ओळखीचं वाटेल.

इथं डॉक्टर नाही, पोलीस नाही, नंबर लावायचा नाही.
किटली आहे. खोकणारा रेडिएटर आहे.
आणि नमुन्याच्या गालिचांचे हातभर चौकोन.
येणारा आपापला निवडतो, पायाखाली घेतो.
डरमट, ज्याची बोट भंगारात गेली,
नेहमी हिरव्यावर.
मी पहिल्यांदा आले तेव्हा तपकिरी घेतला होता
आणि दोन तास कडेचे दोरे उपसत बसले.
कुणी काही विचारलं नाही.
चहा थंड झाला की बदलून दिला, तीनदा.
चार वर्षं झाली त्याला.
चौकोन अजून आहे, कडेला टक्कल पडलेला.

परवा शनिवारी पावणेदहाला तो आला.
अंगात वृद्धाश्रमाचा जांभळा गणवेश,
छातीवर नाव: शील.
पुरतं नाव धैर्यशील. जयसिंगपूरचा.
“त्यांच्या तोंडात मावत न्हाई,” म्हणाला,
“मग मीच कापलं. धैर्य कापलं.”
आणि हसला.
ते हसू मला आवडलं नाही.

ग्लेनिसनं कागद पुढं केला:
एक ते दहा, आज कितीवर आहेस?
तो आकड्यांकडे बघत राहिला,
आपल्या गावचं नाव नसलेलं
एसटीचं वेळापत्रक बघावं तसा.
मी खुर्ची ओढली. काय होतंय रे?
“कसंतरीच व्हायलंय, काकू.”

कसंतरी.
ग्लेनिस माझ्याकडे बघते. तिला काय सांगू?
दुखणं नव्हे, दुखण्याच्या शेजारचं.
ताप नाही, पण अंग आपलं नाही.
भात ओळखीचा, हात परका.
“नऊ लिही,” म्हणाले.

मग विचारायचं ते विचारलं.
इंग्रजीत हा प्रश्न मी शंभरदा विचारलाय,
सरळ, डोळ्यांत बघून, शिकवलंय तसा.
मराठीत पहिल्यांदाच.
आमच्या घरी हे दार लावून बोलायचे,
तेसुद्धा दुसऱ्यांच्या घराबद्दल.
जीभ जड झाली, तरी म्हणाले:
जीव द्यावासा वाटतोय का?

रेडिएटर खोकला. थांबला.
“इथवर येईपर्यंत वाटत हुतं.”

आणि मग सुटलंच सगळं.
सहा रात्री झोप नाही.
खोली क्रमांक अकरामधले आजोबा
त्याचा हात धरून गेले,
आणि हात सोडवेपर्यंत बाराची घंटा वाजली.
एजंटचे पैसे. आईला दर रविवारी ‘मजेत’.
मी काही सोडवलं नाही.
त्याच्या पायाखाली चौकोन नव्हता, एवढं दिसलं,
तपकिरी सरकवला.
बोलता बोलता त्याची बोटं कडेला गेली.

अकराला बंद करावंच लागतं.
कागदावर लिहिलं: रात्री कुणाला फोन,
सोमवारी कोण भेटेल, कुणाला उठवलं तर चालेल.
डरमट म्हणाला, माझाही रस्ता तोच.
तोच नव्हता.

दारात माझ्या तोंडून निघालं,
पोचलास की कळव.
कोपऱ्यावर दूध आणायला जाणाऱ्यालाही
आपण म्हणतो ते.
ग्लेनिसनं विचारलं, काय सांगितलंस?
सांगितलं. तिनं कागद परत घेतला
आणि शेवटच्या ओळीत तेही टिपून ठेवलं.

घरी फोन उताणा ठेवला टेबलावर.
साडेअकरा. बारा.
बारा दहाला डरमट: दारापर्यंत सोडलं.
साडेबारा.
भांडी घासली, घासलेलीच.
एक वाजून पाच मिनिटांनी:
“पोचलो.”
आणि जरा वेळानं,
“उद्या उघडं असतंय का?”

रविवारी बंद असतं.
मी लिहिलं, असतंय.
किल्ली ग्लेनिसकडे आहे.
सकाळी मागायला हवी.