आरशाची खालची कडा

वाल्पाराइसोत कुठलंच घर सपाटीवर नाही.
टेकडी चढायची, टेकडी उतरायची,
मधे बंदराच्या क्रेन दिसतात, मग धुकं.
अशा गावात माझ्या जिमला
फक्त तीनच पायऱ्या,
याचा मला चक्क अभिमान होता.

दारावर मीच रंगवलेली पाटी :
सर्वांचे स्वागत असो.
लाल अक्षरं. खाली माझं नाव, निबाल्दो.

इस्मेनिया आली मार्चमधल्या एका शनिवारी.
एक पाय साखरेनं नेलेला,
खुर्चीची चाकं मासळीबाजारातून आलेली, ओली.
पायऱ्यांपाशी थांबली. पाटी वाचली, मोठ्यानं.
मग म्हणाली,
"सर्व म्हणजे किती जण?"

आम्ही चौघं धावलो. उचलतो म्हणालो.
तिनं ब्रेक लावला.
"मी पोतं नाही. हातभार नकोय मला,
भार हवाय.
किती किलोपर्यंत आहे आत?"

आपली पायरी ओळखून राहावं, म्हणतात.
तेवीस वर्षं मी रोज सकाळी
झाडत आलो माझ्या तीन पायऱ्या
आणि ओळखल्या नव्हत्या.

उतार बांधायला नऊ दिवस लागले.
पहिला चुकला. इतका उभा
की त्यावरून बिअरचं पिंप तेवढं खाली आलं असतं.
"कुणा वैऱ्यासाठी केलास का?" इस्मेनियानं विचारलं.
दुसरा लांबला, फुटपाथवर गेला.
नगरपालिकेचा माणूस आला, कागद आला, दंड आला.
पावती अजून काउंटरच्या काचेखाली आहे.

मग आत.
तिच्या शेजारी बुटक्या स्टुलावर बसलो
आणि माझं जिम पहिल्यांदा पाहिलं.
आरसा सुरू होतो तो उभ्या माणसाच्या छातीपासून.
खुर्चीतून त्यात दिसतो
छताचा पंखा आणि आपले केस.
सगळ्यात हलकी डंबेलं सगळ्यात वर.
दोन मशीनमधली वाट माझ्या कमरेएवढी,
टॉवेलची खुंटी माझ्या हाताला येईल तिथं.
स्वतःच्या मापाचा सदरा शिवून
मी अख्ख्या गावाला घाला म्हणत होतो.

हे सोपं होतं. हातोडीनं होण्यासारखं.

फ्रोइलान बहिरा. गोदीत वेल्डिंग करतो.
स्पीकर जमिनीवर टेकवला
की ठोका त्याच्या तळपायातून चढतो,
त्यावर तो बैठका मोजतो.
एलिसेओ सोळा वर्षांचा. आवाज वाढला
की कानांवर हात, भिंतीकडे तोंड.
या दोघांचं एकाच वेळी स्वागत
कुठल्याच पाटीवर मावत नाही.
भांडण झालं. फ्रोइलानचे हात इतके भराभर चालले
की एकही खूण न येणाऱ्या मला
शिवी बरोबर कळली.

शेवटी मंगळवार आणि गुरुवार शांततेचे.
फ्रोइलान अजून घुश्शात आहे.
तरी गुरुवारी येतोच,
जुन्या होडीच्या फळीवर उभा राहतो,
आणि एलिसेओ, हो, एलिसेओच,
फळीच्या दुसऱ्या टोकावर टाचेनं ठेका देतो.
कधी देतो.
कधी देत नाही.

इस्मेनियानं पंचेचाळीस किलो उचललं त्या संध्याकाळी
सगळं जिम टाळ्या वाजवू लागलं.
तिनं बार ठेवला, घाम पुसला.
"या दांडग्या पोरानं मघाशी साठ उचलले,
तेव्हा कुणाचे हात हलले नाहीत.
आणि निबाल्दो, तू सहा दोनदा मोजलेस."

या महिन्याची फी तिनं थकवली आहे.
मी तगादा लावला, सगळ्यांना लावतो तसाच.
तिला बरं वाटलं असावं.
दाखवलं नाही. फी पण दिली नाही.

नवा आरसा परवडला नाही.
जुन्याच्या खाली जमिनीपर्यंत
वेगळ्या काचेची पट्टी चिकटवली.
सांधा नीट जुळलेला नाही.
त्याच्यासमोर उभा राहिलो की माझं पोट
दोन तुकड्यांत दिसतं, वरचा थोडा डावीकडे.
इस्मेनिया अख्खी दिसते.