साठ युरो

तान्नेल शनिवारी आला, ओल्या बुटांसकट थेट स्वयंपाकघरात,
आणि टेबलावर ठेवला आगपेटीएवढा एक काळा ठोकळा.
एका टोकाला यूएसबी, दुसऱ्याला हेडफोनचं भोक.
बटण नाही, बॅटरी नाही,
लॅपटॉपच्या जिवावर जगणारा.
"मावशी, चौदा दिवसांत परत करता येतो.
तुझे कान म्हणतील तसं."

माझे कान.
एकोणतीस वर्षं नदीपलीकडच्या रेडिओ कारखान्यात
शेवटच्या टेबलाशी बसून मी पेटीमागून पेटी ऐकली.
खरखर असेल तर खडूनं फुली.
तिथे आता व्यायामशाळा आहे.
आणि डॉक्टर लेप्पिकनी काढलेला माझ्या कानांचा आलेख
वरच्या पट्टीत गेला की असा कोसळतो
जशी आमच्या जिन्याची मोडकी पायरी.
हे तान्नेलला सांगितलेलं नाही.
झाकली मूठ.

आधी दोन्हींचा आवाज सारखा केला. हे कुणी करत नाही.
जो जरा मोठा वाजतो तोच लोकांना गोड लागतो,
भांडणातसुद्धा.
मल्टीमीटर लावला,
शून्य पूर्णांक तीन व्होल्ट इकडे, तितकेच तिकडे.
मग डोक्यावर चढवली ती जड, तीनशे ओहमची जोडी,
जिच्या गाद्या मी दोनदा शिवल्यात.

मी खिडकीकडे तोंड करून बसले.
एमायोगी गोठलेली, बर्फावर कुणाचा तरी कुत्रा.
पाठीमागे तान्नेल वायर बदलणार,
किंवा बदलल्यासारखं करणार.
हा? हा.
आता? तो.
आता? थांब. तोच.
असं वीसदा.
कुत्रा तोवर पलीकडच्या काठाला पोचला होता.

"अकरा बरोबर!" जणू मी पास झाले.
बाळा, नाणं उडवलं असतंस तरी दहा आले असते,
आणि नाण्याला चहा द्यावा लागत नाही.

दोष मात्र सापडले. हाताची सवय.
लॅपटॉपच्या स्वतःच्या भोकात माऊस सरकवला की
बारीक किरकिर, नावाला जागल्यासारखी.
ठोकळ्यात ती नाही.
पण ठोकळा अर्ध्या तासात
उकडलेल्या अंड्यासारखा तापतो,
आणि शेजारी फोन ठेवला तर
टिरटिर, टिरटिर, मग गप्प.
वहीत सगळं लिहिलं.

चहा झाल्यावर, काही न ठरवता,
मी आमच्या गायनवृंदाची जुनी फीत लावली,
तान्नेलनंच कधीतरी संगणकावर उतरवून दिलेली.
सुरू व्हायच्या आधीचा दीड सेकंद.
चाळीस बायका श्वास घेतात.
आणि सगळ्यांच्या नंतर, डावीकडून,
आणखी एक श्वास.

हेल्गी.
जी बसलाही उशिरा यायची,
जिच्या कोटाला धुरावलेल्या माशाचा वास यायचा,
जिची स्वरलिपी नेहमी माझ्याच हातात असायची.
इतकी वर्षं ही फीत घरात,
आणि ती तिथे, उशीर करत.

"बघ!" तान्नेल उठूनच उभा राहिला. "म्हणजे फरक आहे!"

मी वायर उपसली, जुन्या भोकात खुपसली.
माऊसला हात लावला नाही.
चाळीस.
आणि एक.
तिथेही होती.
किंवा एकदा ऐकल्यावर
मला आता ती कुठेही ऐकू येणार,
उघड्या पंख्यातून, नळातून.
कारखान्यात याला खूण नव्हती,
ना फुली, ना बरोबर.

तान्नेल वहीत डोकावला. शेवटची ओळ कोरी.
"मग? ठेवू?"
ठोकळा माझ्या मुठीत निवत होता.
"कितीला आहे?"
"साठ युरो."
"आठ? आठ असेल तर घे की, विचारतोस काय!"

तो हसला नाही.
खुर्ची ओढून माझ्यासमोर, अगदी समोर बसला,
आणि ओठ दिसतील असं, सावकाश म्हणाला,
"साठ, मावशी.
साठ."