तासाची सायकल

ऋत्विक मुनोत आला तेव्हा मी एका पत्रिकेत
'आपले नम्र'मधला 'नम्र' वर उचलत होते.
अर्धा पॉइंट खाली बसला होता.

टाय नव्हता, पण बोलण्याला इस्त्री होती.
मशीन फुकट, मॅडम. पडदा नवा, की-बोर्ड नवा,
वापराल तेवढ्या तासांचेच पैसे.
अक्षरांचा प्रोग्रॅम महिन्याच्या महिन्याला,
चहापेक्षा स्वस्त पडतो.

आणि नाही भरले तर?
तर काही नाही, तो म्हणाला,
फक्त उघडत नाही.

फक्त.
तीस वर्षं हा शब्द टाइप करते आहे,
त्याच्या पोटात एवढी जागा असेल
असं वाटलं नव्हतं.

चहा, मी म्हटलं, पोटात गेल्यावर
कुणी परत मागायला येत नाही.
मग त्याला सायकलीचं सांगितलं.

भिकारदास मारुतीपाशी गणपत येनपुरे
तासाने सायकल द्यायचा.
वहीत नाव, घड्याळात बघून वेळ, चार आणे.
सीट फाटकी, घंटी गायब.
उशीर झाला की ओरडायचा, दुप्पट घ्यायचा,
एकदा माझ्या भावाचं दप्तरच ठेवून घेतलं.
पण तास भरला म्हणून
लकडी पुलाच्या मधोमध
चाक कधी थांबलं नाही.
आणि क्लास बुडवून मी मॅटिनीला गेले
हे त्याच्या वहीला कधी कळलं नाही.

पुढे वडिलांनी एक घेतली, जुन्या बाजारातून.
गंजकी. तिचं पंक्चर आमचं होतं.

तसंच हे माझं डबडं.
सीडी पिवळ्या पाकिटात, पाकिटावर माझ्या अक्षरात किंमत,
(तेव्हा दोन पाटल्या मोडल्या होत्या, ते लिहिलेलं नाही).
मागे बोटाएवढा ठोकळा,
तो उपटला की सगळ्या मराठीचे चौकोन होतात.
म्हणजे कुलूप इथेही होतंच.
पण किल्ली माझ्या खणात, जायफळाच्या डबीत.
तापकीर गल्लीतला युनूस तांबोळी वर्षातून दोनदा
खोडरबराने घासून तिला जिवंत करतो
आणि दर वेळी सांगतो, ताई, ही शेवटची.
मीही दर वेळी हो म्हणते.

समोरच्या गाळ्यात ढमढेरे दोन भाडी भरतात,
एक गाळ्याचं, एक अक्षरांचं.
जूनमध्ये बँकेने त्यांचं कार्ड बदललं,
आणि अठरा वर्षांच्या पत्रिका, श्रद्धांजल्या,
सोसायट्यांचे अहवाल
पडद्याआड जाऊन बसले.
आठ दिवस ते बाहेर खुर्ची टाकून होते.
मी डबा नेऊन दिला. बोललो नाही आम्ही.

शूर मीही नाही.
परवा एक मुलगी प्रबंध घेऊन आली,
शहरातल्या विहिरींचा ऱ्हास,
आणि तिची फाईल माझ्याकडे उघडेना.
समोर उघडेल, ती म्हणाली.
माहीत आहे मला.
प्रिंट काढून आण, मी म्हटलं, परत टाइप करते.
दोनशे बारा पानं. पैसे समोरच्याइतकेच.
ती माझ्याकडे बघत राहिली,
बँकेत चेक भरणाऱ्याकडे बघतात तशी.

रात्री अकरानंतर बसते.
'ऱ्ह'साठी ऑल्टसोबत चार आकडे दाबावे लागतात,
ते कुठे लिहून ठेवलेले नाहीत,
विचारलंत तर मला सांगताही येणार नाहीत,
बोटं जातात.
ऱ्हास, ऱ्हास, ऱ्हास, पानापानावर.
गुरुवारी वीज नसते, तेव्हा तेवढा थांबतो.

ऋत्विकचं कार्ड मी फेकलेलं नाही.
की-बोर्डचा एक पाय मोडलाय,
त्याच्याखाली चार घड्या घालून सरकवलंय.
बरं बसलं.
अर्धा पॉइंट हलतं अजून.